ऋणनिर्देश

मराठीतील प्रत्येक शोधप्रबंधाच्या आरंभी एक पान असते; त्याला ऋणनिर्देश म्हणतात. मार्गदर्शक, विभागप्रमुख, प्राचार्य, ग्रंथपाल, आईवडील आणि अखेरीस टंकलेखन करून देणारा अशा ठराविक क्रमाने आभार मानून झाले की ते पूर्ण होते. परीक्षक हे पान सहसा वाचत नाहीत, आणि वाचले तरी त्यात वाचण्याजोगे काही हाती लागत नाही. विशेष असे की, या पानाच्या नावातच ‘ऋण’ हा शब्द असूनही संशोधनाच्या काळात जे खरोखरीचे ऋण झालेले असते, त्याचा निर्देश तेथे कधीच येत नाही. खोलीचे थकलेले भाडे, किराण्याच्या दुकानातील वही, धाकट्या भावाने शिक्षण सोडून पत्करलेली मजुरी, मोडलेले दागिने या साऱ्याला प्रबंधात स्थान नाही. ज्ञान कोठून आले हे सांगण्यासाठी तळटीपांची काटेकोर पद्धती विकसित झाली. ज्ञान मिळवणारा माणूस त्या काळात काय खाऊन जगला हे सांगण्याची मात्र कोणतीही पद्धती नाही.

वर्ध्याच्या बॅचलर रोडवरील एका भाड्याच्या खोलीत राहून प्रबंध पुरा करणाऱ्या एका विद्यार्थिनीपुढे हे पान लिहिण्याची वेळ आली, तेव्हा ती अडली. प्रबंधाची साडेतीनशे पाने लिहिताना ती अडली नव्हती, येथे अडली. तिच्या अडण्याची हकीकत येथे सांगायची आहे. ती अपवादात्मक नाही, म्हणूनच सांगण्यासारखी आहे.

१

ती आर्वी तालुक्यातील एका गावची. घरी कोरडवाहू पाच एकर, कापूस आणि सोयाबीन. २००६ मध्ये शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांचे विशेष पॅकेज जाहीर झाले, त्यांत वर्धा होता. ती तेव्हा शाळेत होती. एम.ए.ला मराठीत पहिल्या वर्गात आल्यानंतर २०१९ मध्ये तिने पीएच.डी.साठी नोंदणी केली. विषय होता धर्मानंद कोसंबी यांचे मराठी गद्य.

विषयाची निवड पुस्तकांतून झाली नव्हती. गोव्यातील साखवाळ गावी १८७६ मध्ये जन्मलेल्या कोसंबींचा अखेरचा श्वास वर्ध्यापासून अवघ्या आठ किलोमीटरांवर, सेवाग्रामात, जून १९४७ मध्ये विझला. शरीर थकल्यानंतर त्यांनी अन्नत्याग केला होता. बौद्ध विद्येसाठी ज्याने घर सोडले, जो काशीत अन्नछत्रातील जेवणावर राहून संस्कृत शिकला, सिंहलद्वीप आणि ब्रह्मदेश पाहून आला, हार्वर्डला चार वेळा गेला, लेनिनग्राडला जाऊन आला, त्या माणसाचा प्रवास आपल्या जिल्ह्यात येऊन संपला, एवढ्याच एका गोष्टीने तिला खेचून नेले. सेवाग्रामच्या आश्रमात शाळेच्या सहलीने येणारी मुले बापूकुटी पाहतात आणि परततात. कोसंबींविषयी तेथे कोणी फारसे विचारत नाही. तिने विचारले.

कोसंबींचे ‘निवेदन’ हे आत्मचरित्र १९२४ मध्ये पुस्तकरूपाने आले. मराठी आत्मचरित्राच्या परंपरेत ते आपल्या कोरड्या, निरलंकार शैलीने वेगळे उठून दिसते. या शैलीचे विश्लेषण हा प्रबंधाचा गाभा होता. पण वाचता वाचता तिचे लक्ष शैलीवरून दुसरीकडे जाऊ लागले. या पुस्तकात पैशाचा उल्लेख वारंवार आणि अत्यंत नेमका येतो: कोणी किती रुपये दिले, प्रवासाला किती लागले, किती उरले. आध्यात्मिक शोधाच्या कथनात हे हिशेब खटकत नाहीत. उलट त्यांच्यामुळेच तो शोध विश्वसनीय वाटतो. कोसंबींच्या गद्याचा प्रामाणिकपणा हा त्यांच्या जमाखर्चाच्या प्रामाणिकपणाशी निगडित आहे, असे एक विधान तिने तिसऱ्या प्रकरणात केले. मार्गदर्शकांनी त्यावर पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढले. नंतर ते पुसून टाकले.

२

या साऱ्या हिशेबांत एक रक्कम अशी आहे की तिच्यापाशी ती पुन:पुन्हा येऊन थांबत असे. दरमहा पन्नास रुपये, तीन वर्षे.

१९०६ मध्ये ब्रह्मदेशातून परतल्यावर कोसंबी कलकत्त्यात पाली शिकवू लागले. तेथे त्यांना मान होता, वेतन होते, पुढे वाढण्याची शक्यता होती. परंतु बौद्ध विद्येचा परिचय आपल्या भाषेतील लोकांना करून द्यावा, ही ओढ त्यांना स्वस्थ बसू देत नव्हती. अशा वेळी बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी त्यांना मदत देऊ केली. महाराष्ट्रातील कोणत्याही शहरी राहावे, दरमहा पन्नास रुपये तीन वर्षे मिळतील, वर्षाकाठी एक पुस्तक मात्र बडोदे सरकारसाठी तयार करून द्यावे. कोसंबींनी कलकत्त्यातील अधिक प्राप्तीची जागा सोडून ही व्यवस्था पत्करली आणि ते पुण्यास आले. पुण्यातच हार्वर्डचे प्राध्यापक जेम्स वुड्स यांच्याशी त्यांची गाठ पडली, त्यातून १९१० मध्ये अमेरिकेचा मार्ग खुला झाला, आणि ‘विसुद्धिमग्ग’च्या संपादनाचे पुढे कित्येक वर्षे चाललेले काम सुरू झाले. मराठीत बुद्धाविषयीचे जे आधुनिक लेखन आहे त्याची एक मुळी या पन्नास रुपयांपर्यंत जाते.

या व्यवस्थेची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. रक्कम मोठी नव्हती. पण ती किती आणि कोठवर मिळणार हे आधी ठाऊक होते. अट होती, आणि ती कामाच्या फळाविषयी होती: पुस्तक द्या. दुसरी अट स्थळाविषयीची दिसते, परंतु वस्तुतः ती भाषेविषयीची आहे. महाराष्ट्रात राहा, म्हणजे ज्यांच्यासाठी लिहायचे त्यांच्यात राहा. बाकी उपस्थिती, रोजची नोंद, तिमाही अहवाल यांतले काही नव्हते. सयाजीरावांनी पन्नास रुपयांत कोसंबींचे श्रम विकत घेतले नाहीत. त्यांनी तीन वर्षांचा काळ मोकळा करून दिला. विद्येला दिलेल्या आश्रयाचा अर्थ अखेर एवढाच असतो. काळ विकत घेऊन तो अभ्यासकाच्या स्वाधीन करणे.

अर्थात संस्थानिकाच्या औदार्याचे गोडवे गाऊन आजच्या प्रश्नाची उकल होत नाही. राजाश्रयाला राजाची मर्जी लागते. आणि एका कोसंबींना पन्नास रुपये मिळाले तेव्हा न मिळालेले किती होते, याची नोंद कोणत्याही आत्मचरित्रात नसते. महाराष्ट्रातील विद्याश्रयाचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. तळेगावच्या खंडेराव दाभाड्यांनी सुरू केलेली आणि पेशव्यांनी वाढवलेली श्रावणातली दक्षिणा ब्राह्मणांपुरती होती. १८१८ नंतर इंग्रजांनी तिचा काही भाग चालू ठेवला. १८४९ मध्ये पुण्यातील सुधारक तरुणांनी या निधीतील काही रक्कम मराठी ग्रंथनिर्मितीच्या उत्तेजनासाठी वापरावी असा अर्ज केला तेव्हा शहरात वादळ उठले; १८५१ मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली. पुढे याच निधीतून महाविद्यालयांत दक्षिणा फेलो नेमले जाऊ लागले. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे दोघेही दक्षिणा फेलो होते. दानातून पारितोषिक आणि पारितोषिकातून फेलोशिप, असे हे रूपांतर आहे. जन्मावरून मिळणारे धन हळूहळू कामावरून मिळू लागले. पण ते कोणाला मिळावे, हा १८४९ चा प्रश्न मात्र मिटला नाही. त्याने केवळ पेहराव बदलला.

३

वर्धा शहरात आज हा प्रश्न अगदी डोळ्यांनी पाहता येतो. शहराच्या कडेला, टेकड्यांवर, महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय आहे. १९७५ च्या जानेवारीत नागपुरात भरलेल्या पहिल्या विश्व हिंदी संमेलनात त्याची कल्पना पुढे आली आणि संसदेच्या कायद्याने १९९७ मध्ये ते अस्तित्वात आले. ते केंद्रीय विद्यापीठ आहे. शहरातील महाविद्यालये मात्र राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाशी संलग्न. ते राज्य विद्यापीठ आहे. दोन्हीकडे पीएच.डी. होते. एकाच चहाच्या टपरीवर, एकाच विषयावर वाद घालणाऱ्या दोन संशोधकांपैकी एकाला दरमहा काही मिळते आणि दुसऱ्याला काहीही मिळत नाही, याचे कारण त्यांच्या कामात नसून त्यांच्या विद्यापीठाच्या घटनेत असते.

केंद्रीय विद्यापीठांत नेट परीक्षेतून फेलोशिप न मिळालेल्या संशोधकांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २००६ मध्ये एक योजना सुरू केली. तीत पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला आरंभी दरमहा ५,००० रुपये मिळत, २०१२ पासून ८,००० रुपये मिळू लागले. ऑक्टोबर २०१५ मध्ये आयोगाने ही योजना बंद करण्याचा निर्णय घेतला तेव्हा दिल्लीत आयोगाच्या दारात विद्यार्थी ठाण मांडून बसले, आंदोलन देशभर पसरले आणि योजना टिकली. ती टिकली, पण वाढली नाही. २०१२ मध्ये नेटमधून मिळणारी कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती १६,००० रुपये होती, म्हणजे बिगर-नेट रकमेच्या नेमकी दुप्पट. २०१४ अखेरीस ती २५,००० झाली, २०१९ मध्ये ३१,०००, आणि २०२३ मध्ये ३७,०००. त्या वर्षीही बिगर-नेट संशोधक ८,००० वरच होता. दुपटीचे अंतर साडेचारपटींहून अधिक झाले. एकाच वसतिगृहात, एकाच मेसमध्ये जेवणाऱ्या दोन संशोधकांमधले हे अंतर त्यांच्यातील बौद्धिक अंतराचे माप आहे असे कोणी म्हणणार नाही. आणि राज्य विद्यापीठातल्या तिसऱ्याला तर या मापनातच स्थान नाही.

मग हे अंतर कशाने ठरते? एका परीक्षेने. नेटच्या तिसऱ्या प्रश्नपत्रिकेत २०१२ पर्यंत दीर्घोत्तरी लेखन करावे लागे. त्यानंतर संपूर्ण परीक्षा पर्यायी उत्तरांची झाली, आणि २०१८ च्या डिसेंबरपासून ती संगणकावर होऊ लागली. कोणता ग्रंथ कोणी लिहिला, कोणते मासिक आधी निघाले, कोणती संज्ञा कोणत्या मीमांसकाची, या जोड्या अचूक लावणाऱ्याला पाच वर्षांचा निर्धास्त काळ मिळतो. साहित्याच्या अभ्यासकाकडून अपेक्षित असलेले गुण म्हणजे संहितेशी दीर्घकाळ झुंजण्याची तयारी, शंका घेण्याची शिस्त, एका परिच्छेदातून विचार पुढे नेण्याची क्षमता. त्या परीक्षेत यांपैकी एकाचीही कसोटी लागत नाही. जे सहज मोजता येते ते मोजले जाते, आणि जे मोजले जाते त्यालाच पुढे गुणवत्ता म्हणतात. या क्रियेचे विवेचन साहित्यसमीक्षेने पुष्कळ केले आहे. स्वतःच्या घरातील हिशेबाला मात्र ते सहसा लावलेले नाही.

आणखी एक तपशील. आयोगाच्या फेलोशिपमध्ये पुस्तके, प्रवास, झेरॉक्स यांसाठी आकस्मिक खर्चाची वेगळी तरतूद असते. पहिल्या दोन वर्षांसाठी मानव्यविद्यांना ती वर्षाला १०,००० रुपये आणि विज्ञानाला १२,००० आहे, त्यापुढे अनुक्रमे २०,५०० आणि २५,०००. फरक फार नाही. पण या आकड्यांमागे एक गृहीत आहे: साहित्याच्या अभ्यासाला पुस्तकापलीकडे काही लागत नाही, आणि पुस्तके तर ग्रंथालयात असतातच. कोसंबींवर काम करणाऱ्याला गोवा, पुणे, मुंबई, बडोदे आणि अहमदाबाद गाठावे लागते, हे त्या गृहीतात बसत नाही.

४

तिला फेलोशिप मिळाली नव्हती असे नाही. राज्यात बार्टी, सारथी, महाज्योती यांसारख्या संस्था वेगवेगळ्या समाजघटकांतील संशोधकांना अधिछात्रवृत्ती देतात, आणि ज्या घरांतून यापूर्वी कोणी पदवीपर्यंतही पोहोचले नव्हते अशा कित्येक घरांत तिच्यामुळे प्रथमच प्रबंध लिहिला गेला. मराठी संशोधनाच्या सामाजिक इतिहासात या गोष्टीचे मोल मोठे आहे. १८४९ च्या प्रश्नाला एवढे सरळ उत्तर त्याआधी क्वचितच दिले गेले असेल. तिचीही निवड एका संस्थेच्या यादीत झाली. ती संस्था कोणती हे येथे महत्त्वाचे नाही. यादी लागली, हमीपत्रे झाली, आणि पहिला हप्ता अकरा महिन्यांनी आला. दुसरा त्यानंतर चौदा महिन्यांनी.

गावी ही बातमी पोहोचली तेव्हा वडिलांनी विचारले होते, “सरकार तुले पैसे देते म्हन्ते, मंग थे नवकरीच झाली ना वं?”

“नवकरी नाही बाबा. फेलोशिप हाय.”

“म्हंजे?”

या ‘म्हंजे’चे उत्तर तिला त्या दिवशी देता आले नाही. शब्द अधिकृतपणे ‘अधिछात्रवृत्ती’ असा आहे. पण तो सांगून वडिलांच्या ज्ञानात भर पडली नसती. नंतर केव्हातरी कोश उघडून ती ‘वृत्ती’ या शब्दापाशी रेंगाळली. वृत्ती म्हणजे उपजीविकेचे साधन. वृत्ती म्हणजे पिढीजात चालत आलेला हक्क, जोशीपणाची किंवा ग्रामोपाध्यायाची. वृत्ती म्हणजे मनाचा कल. आणि वृत्ती म्हणजे सूत्रावरील विवरण, जसे पाणिनीच्या सूत्रांवरील ‘काशिकावृत्ति’. चारही अर्थ एका शब्दात नांदतात, हा भाषेचा योगायोग असेलही. परंतु हे चार अर्थ एकमेकांवाचून टिकत नाहीत. उपजीविका नसेल तर मनाचा कल टिकत नाही. मनाचा कल नसेल तर विवरण होत नाही. आणि उपजीविका फक्त पिढीजात हक्काने मिळत असेल तर विवरण करणारेही ठराविकच राहतात.

थकलेला हप्ता शेवटी येतो तेव्हा तो एकरकमी येतो. आकड्यात पाहिले तर काहीच बुडालेले नसते. शासनाच्या हिशेबात सारे चोख असते. पण त्या चौदा महिन्यांत तिने दोन शिकवणी वर्गांत शिकवले, एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर काम केले, आणि आलेली रक्कम उधारी फेडण्यात एका आठवड्यात संपली. उशिरा आलेला पैसा कर्ज फेडू शकतो, गेलेला काळ परत आणू शकत नाही. सयाजीरावांच्या पन्नास रुपयांचे मर्म ‘दरमहा’ या शब्दात होते, हे तिला तेव्हा उमगले. मधल्या काळात करोना येऊन गेला, ग्रंथालये बंद राहिली, आणि मुदतीचे कॅलेंडर मात्र चालत राहिले.

याचा परिणाम प्रबंधावर कसा झाला हे पाहिले पाहिजे, कारण साहित्याच्या अभ्यासकांना या प्रकरणाशी कर्तव्य असेल तर ते येथेच आहे. मूळ आराखड्यात पाच प्रकरणे होती. त्यांपैकी एक कोसंबींचा पत्रव्यवहार आणि समकालीन नियतकालिकांतील त्यांचे लेखन यांवर होते. त्यासाठी तीन प्रवास योजले होते, एक झाला. ते प्रकरण गळाले. मग शीर्षक बदलावे लागले: ‘धर्मानंद कोसंबी यांचे मराठी गद्य’ याऐवजी ‘धर्मानंद कोसंबी यांचे मराठी गद्य: “निवेदन”च्या विशेष संदर्भात’.

हा ‘विशेष संदर्भ’ मराठी प्रबंधांच्या शीर्षकांतून सर्वत्र आढळतो. चर्चासत्रांत त्याची थट्टा होते. संशोधकाची दृष्टी आखूड, झेप तोकडी, आळस फार, असे निदान केले जाते. आणि ते अनेकदा खरेही असते. पण ‘विशेष संदर्भ’ ही पुष्कळदा पद्धतिशास्त्रीय निवड नसते, ती एसटीच्या तिकिटाची मर्यादा असते. एकाच लेखकाच्या, बाजारात उपलब्ध असलेल्या सात पुस्तकांवर प्रबंध लिहिला जातो, कारण ती सात पुस्तके खोलीत बसून वाचता येतात. हस्तलिखिते, दप्तरे, जुन्या नियतकालिकांच्या फायली, बोलींचे ध्वनिमुद्रण, क्षेत्रभेटी या साऱ्याला जाणे, राहणे आणि थांबणे लागते. मराठी संशोधन संहितेच्या पलीकडे जात नाही ही तक्रार करताना, संहितेच्या पलीकडे जाण्याचे भाडे कोणी भरावे हा प्रश्न तक्रार करणारे विचारत नाहीत. समीक्षेच्या दारिद्र्याची चर्चा होते. समीक्षकाच्या दारिद्र्याची होत नाही.

५

याच्या विरुद्ध दोन आक्षेप घेतले जातात, आणि दोन्ही गंभीरपणे घेण्यासारखे आहेत.

पहिला त्यागाचा. वि. का. राजवाड्यांनी कोणाच्या फेलोशिपवर ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ गोळा केली? कोसंबी तरी घर सोडून निघाले तेव्हा त्यांच्या खिशात काय होते? ज्याला खरोखर शोध घ्यायचा आहे तो उपाशी राहूनही घेतो, असे या आक्षेपाचे स्वरूप आहे. राजवाड्यांचे उदाहरण खरे आहे. परंतु त्यावरून निघणारा निष्कर्ष चुकीचा आहे. दुष्काळातही एखादे झाड जगते म्हणून कोणी दुष्काळाला शेतीचे तंत्र म्हणत नाही. शिवाय त्यागासाठीही त्यागण्याजोगे काही हाताशी असावे लागते. ‘निवेदन’ बारकाईने वाचणाऱ्याला दिसते ते असे की, कोसंबींच्या प्रत्येक मुक्कामाला कोणी ना कोणी हात दिला आहे. आणि कोसंबींनी प्रत्येक हाताची नोंद केली आहे. एकट्या माणसाच्या तपस्येची म्हणून जी कथा सांगितली जाते ती वस्तुतः मदतीची कथा आहे. तो ग्रंथ म्हणजे एक दीर्घ ऋणनिर्देशच आहे.

दुसरा आक्षेप वर्ध्याच्याच भूमीतला आहे आणि अधिक अवघड आहे. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी गांधींच्या अध्यक्षतेखाली वर्ध्यात शिक्षण परिषद भरली. नयी तालीमची योजना तेथे आकाराला आली. शाळेने हस्तोद्योगातून आपला खर्च भागवावा ही त्यातील कल्पना प्रसिद्ध आहे. तिच्या जोडीला गांधींनी त्याच वर्षी ‘हरिजन’मधून एक विचार मांडला होता, तो कमी प्रसिद्ध आहे: उच्च शिक्षणाचा भार सरकारी तिजोरीवर नसावा, ज्या उद्योगांना पदवीधर हवेत त्यांनी तो उचलावा, आणि साहित्य-कलांचे उच्च शिक्षणही खाजगी प्रयत्नांवर सोपवावे. ज्या गरीब शेतकऱ्याला शाळाही मिळाली नाही त्याच्या करातून थोड्यांच्या पदव्यांचा खर्च का व्हावा, हा त्यामागचा नैतिक प्रश्न आहे. गांधींच्या नावाचे विद्यापीठ केंद्र सरकारच्या अनुदानावर त्याच शहरात उभे असावे, यात थोडी विसंगती आहेच.

पण १९३७ च्या युक्तिवादात एक गृहीत होते. कर भरणारा शेतकरी आणि पदवी घेणारा विद्यार्थी ही दोन वेगळी घरे आहेत, हे ते गृहीत. तेव्हा ते बहुतांशी खरे होते. आज आर्वी तालुक्यातील पाच एकर कोरडवाहूच्या घरातूनच संशोधक येते आहे. खाजगी प्रयत्नांवर सोपवा, याचा अर्थ आता उद्योगपतीवर सोपवा असा होत नाही. तिच्या बापावर सोपवा असा होतो. ज्या शेतकऱ्याच्या वतीने तो प्रश्न विचारला गेला होता, त्याच्याच मुलीचा मार्ग त्याच प्रश्नाने अडवला जावा, हे गांधींना मान्य झाले असते असे वाटत नाही.

याच प्रश्नाची एक हलकी आवृत्ती डिसेंबर २०२३ मध्ये ऐकू आली. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात सारथीच्या अधिछात्रवृत्तीच्या संख्येविषयी विचारणा झाली तेव्हा, पीएच.डी. करून हे विद्यार्थी काय दिवे लावणार, अशा अर्थाचे उद्गार तत्कालीन उपमुख्यमंत्र्यांनी काढले. त्यावर राज्यभर टीका झाली. त्याच वर्षी बार्टीकडे अर्ज केलेले ८६१ संशोधक सर्वांना अधिछात्रवृत्ती मिळावी म्हणून मुंबईच्या आझाद मैदानावर दीर्घकाळ बसले होते. टीकेच्या गदारोळात त्या वाक्प्रचाराकडे कोणाचे लक्ष गेले नाही. ‘दिवे लावणे’ हा मराठीत उपरोधाने वापरला जाणारा वाक्प्रचार आहे. ज्याच्याकडून काही होणार नाही अशी खात्री आहे त्याच्याविषयी तो योजतात. पण उपरोधाला अर्थ येतो तो मूळ अर्थ जिवंत असल्यामुळे. दिवा लावणे हे काम चांगले आहे हे गृहीत धरल्याशिवाय त्यावरून टोमणा मारता येत नाही. प्रश्नात अवहेलना होती, तशी एक कबुलीही होती: हे काम दिवा लावण्याचे आहे. तेल कोणी घालायचे एवढाच वाद उरतो.

६

प्रबंध बांधणीला जाण्यापूर्वीच्या आठवड्यात ती मार्गदर्शकांकडे ऋणनिर्देशाचे पान घेऊन गेली. दोन पाने होती. पहिल्यात नेहमीचे सारे होते. दुसऱ्यात एक यादी होती: घरमालकीण, जिने सात महिने भाडे मागितले नाही, किराणा दुकानदार, केंद्रीय विद्यापीठातील मैत्रीण, जिच्या आठ हजारांत दोघींनी काही महिने काढले, धाकटा भाऊ, ज्याने बारावीनंतर पुलगावला कामाला सुरुवात केली, आणि वडील, ज्यांनी एका वर्षी भाव नसताना कापूस विकला, कारण मुलीला नोंदणीचे शुल्क भरायचे होते. प्रत्येक नावापुढे रक्कम लिहिली होती.

मार्गदर्शकांनी दोन्ही पाने वाचली. बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

“हे असं छापत नाहीत,” ते शेवटी म्हणाले.

“हो सर. पण कोसंबींनी छापलं होतं.”

“कोसंबींचं आत्मचरित्र होतं. हा प्रबंध आहे.”

त्यावर ती काही बोलली नाही. मार्गदर्शकांचे म्हणणे नियमाला धरून होते. प्रबंधात व्यक्तीला स्थान नसते. ज्ञान निर्वैयक्तिक असते, किंवा तसे दिसावे लागते. ते स्वतः वीस वर्षांपूर्वी नांदेडच्या बाजूचे एक गाव सोडून शिकायला आले होते, आणि त्यांच्याही प्रबंधाच्या आरंभी ठराविक क्रमाचे एक पान आहे.

“रकमा काढ,” थोड्या वेळाने ते म्हणाले. “नावं राहू दे.”

तिने रकमा काढल्या. छापील प्रबंधात दुसरे पान आहे, त्यात पाच जणांचा उल्लेख आहे आणि प्रत्येकाविषयी एकेक वाक्य आहे. वडिलांविषयीचे वाक्य सर्वांत लहान आहे. प्रबंधाची एक प्रत गावी नेऊन तिने वडिलांच्या हाती दिली, ते पान काढून त्यांना वाचून दाखवले. त्यांनी पुस्तकाचे वजन हातांत तोलले.

“अन् मंग हे कोनाचं व्हय आता? सरकारचं का तुहं?”

हा प्रश्न ‘म्हंजे’पेक्षाही अवघड होता. सयाजीरावांच्या योजनेत त्याचे उत्तर होते: पुस्तक लोकांच्या भाषेत लिहावे आणि लोकांपर्यंत जावे, एवढ्यासाठीच तर ते पन्नास रुपये होते. तिच्या प्रबंधाची प्रत विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाईल, शोधगंगेवर चढवली जाईल, आणि बहुधा पुढच्या एखाद्या ‘विशेष संदर्भा’तल्या प्रबंधाच्या संदर्भसूचीत तिचे नाव येईल. ज्या पाच जणांनी तो लिहू दिला त्यांच्यापर्यंत तो पोहोचावा अशी अट कोणीही घातलेली नाही. प्रगतीचे अहवाल मागितले गेले, उपस्थितीचे दाखले मागितले गेले, खर्चाची उपयोगिता प्रमाणपत्रे मागितली गेली. वर्षाकाठी एक पुस्तक मात्र कोणी मागितले नाही.

‘निवेदन’वरील तिसरे प्रकरण सोप्या मराठीत पुन्हा लिहिण्यास तिने आता सुरुवात केली आहे. त्यासाठी कोणतीही फेलोशिप नाही. सकाळी तासिका तत्त्वावरचे दोन तास घेऊन ती खोलीवर परतते, आणि दुपारी लिहिते. किराण्याची वही अजून चालू आहे.